वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण नेट चालत नाही, आणि हे सारखं होतं: तपासायचं कुठून?

हा त्रास एकदाच झाला तर कोणी विचारायला येत नाही. राऊटर बंद-चालू केला, नेट आलं, विषय संपला. माझ्यापर्यंत मशीन पोचतं ते तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर, आणि तोवर त्यावर बरेच हात फिरलेले असतात. कुणी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणारी सोय) बदललेला असतो, कुणी आयपीव्ही६ (आकडी पत्त्यांची नवी पद्धत) बंद केलेलं असतं, कुणी व्हिडिओ बघून कमांड प्रॉम्प्टमध्ये काहीबाही मारलेलं असतं. मूळ दुखणं एक आणि वरून केलेले उपाय चार, अशी अवस्था. सारख्या येणाऱ्या या त्रासात मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे कधीतरी हाताने भरलेली आणि नंतर विसरलेली एखादी सेटिंग.

म्हणून दोन अटी. काहीही बदलण्याआधी त्या खिडकीचा मोबाईलने फोटो काढा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेट कशाने आलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खालचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. मॅक किंवा लिनक्सवर बटणांच्या जागा वेगळ्या, पण तपासाचा क्रम हाच. कमांड आणि आकडे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

आधी लक्षण ओळखा

- वाय-फाय जोडलेलं, पण खाली पृथ्वीगोलाचं चिन्ह आणि ‘नो इंटरनेट’.
- ‘नो इंटरनेट’ असं लिहून येतं, तरी साइट व्यवस्थित उघडतात.
- ब्राउझर काहीच उघडत नाही, पण कॉलचं किंवा चॅटचं अ‍ॅप चालू आहे. किंवा बरोबर उलटं.
- काही साइट लगेच उघडतात, काही नुसत्या फिरत बसतात.
- रीस्टार्ट केलं की ठीक, काही तासांनी पुन्हा तेच.
- लॅपटॉप झोपेतून उठवला की नेट गायब.
- केबल लावलेली असूनही मोठी फाइल रांगत जाते.

यातलं आपलं कोणतं ते ठरवा, कारण पुढे काही पायऱ्या थेट गाळता येतील. दुसरं लक्षण असेल तर बहुतेक वेळा काही करायचंच नसतं. नेट आहे की नाही हे विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून छोटी टेक्स्ट फाइल आणून ठरवतं. ती फाइल एखाद्या फायरवॉलने, व्हीपीएनने (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या प्रोग्रामने) किंवा जाहिराती अडवणाऱ्या डीएनएसने अडवली की विंडोज ‘नो इंटरनेट’ म्हणून मोकळं होतं. साइट उघडताहेत ना? मग चिन्हाकडे दुर्लक्ष करा.

फुकटातल्या तपासण्या

त्याच वाय-फायवर दुसरं काही चालतं का ते बघा. मोबाईलवर बघणार असाल तर त्याचा मोबाईल डेटा आधी बंद करा. हे न करता ‘फोनवर तर नेट आहे’ असं सांगणारे रोज भेटतात. फोनवरही नेट नसेल तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा नाही, राऊटरचा किंवा त्यापलीकडचा आहे. कॉम्प्युटरच्या सेटिंगला हात लावू नका.

मग राऊटरचे दिवे आणि केबल. केबल दोन्ही टोकांना काढून ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. प्लगची छोटी खुंटी तुटलेली असेल तर ती केबल बदला, कारण ती आज चालेल आणि टेबल हललं की सुटेल. राऊटर बंद करून अर्धा मिनिट थांबा, मगच चालू करा.

वाय-फाय हॉटेलचं, कॉलेजचं किंवा स्टेशनवरचं असेल तर आधी लॉगिनचं पान भरावं लागतं. ते पान आपोआप आलं नाही तर व्हीपीएन बंद करून ब्राउझरमध्ये साध्या ‘एचटीटीपी’ने सुरू होणारा कुठलाही पत्ता टाकून बघा.

कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. घड्याळ दोन वर्षं मागे असेल तर ब्राउझरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, आणि प्रत्येक साइटवर सुरक्षेची तक्रार येते. डेस्कटॉप रोज सकाळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. तो बहुधा सीआर२०३२ असतो. काही वेळाने विंडोज नेटवरून वेळ जुळवून घेतं आणि त्रास आपोआप जातो, म्हणून सेलवर कुणाला संशय येत नाही.

प्रॉक्सी आणि व्हीपीएन

प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि नेट यांच्यामधला मध्यस्थ. ब्राउझर बंद आणि बाकी सगळं चालू असेल तर मी आधी इथेच बघतो. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’. ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू आहे का? आणि पत्त्यात १२७.०.०.१ आहे का? हा पत्ता म्हणजे तुमचाच कॉम्प्युटर. कुठल्यातरी प्रोग्रामने ‘सगळी वाहतूक माझ्याकडून जाऊ दे’ असं लिहून ठेवलं आणि नंतर तो प्रोग्राम तुम्ही काढून टाकला. ब्राउझर अजून त्याच बंद दारावर टकटक करतोय. स्विच बंद करा. कार्यालयाचं मशीन असेल तर प्रॉक्सी मुद्दाम लावलेला असू शकतो, तो विचारल्याशिवाय काढू नका.

बंद केलेला प्रॉक्सी दुसऱ्या दिवशी पुन्हा चालू दिसला, तर मशीनवर कुणीतरी तो परत लावतंय. एक तर व्हीपीएन किंवा अँटिव्हायरससारखा ओळखीचा प्रोग्राम, नाहीतर नको असलेला पाहुणा. पूर्ण स्कॅन करा.

व्हीपीएनमध्ये ‘किल स्विच’ नावाची सोय असते. व्हीपीएन तुटला की ती सगळं नेट मुद्दाम अडवते. व्हीपीएन नीट बंद न होता क्रॅश झाला तर काही वेळा ही अडवणूक तशीच मागे राहते. प्रोग्राम पुन्हा उघडून व्यवस्थित बंद करा, नुसता टास्क मॅनेजरमधून मारू नका.

आयपीकॉन्फिग: इथे वेळ द्या

पुढच्या निम्म्या पायऱ्या लागतील की नाही हे एका कमांडवरून कळतं. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा आणि ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ चालवा. भलीमोठी यादी येईल. ज्यांच्यापुढे ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ आहे ते अ‍ॅडॉप्टर (कॉम्प्युटरला जाळ्याशी जोडणारे भाग) सोडून द्या. व्हर्च्युअल मशीनचे आणि व्हीपीएनचेही तूर्त बाजूला ठेवा. वाय-फाय किंवा इथरनेटचा जो खरा अ‍ॅडॉप्टर आहे त्याच्या पाच ओळी वाचायच्या.

पहिली, आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस. घरच्या किंवा ऑफिसच्या आतल्या जाळ्यात तो साधारण १९२.१६८ ने, १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ च्या दरम्यान सुरू होतो. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो पत्ता कॉम्प्युटरने स्वतःचा स्वतः ठेवून घेतलाय. त्याने राऊटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही. म्हणजे डीएनएस, ब्राउझर, प्रॉक्सी या कशाचाही इथे संबंध नाही. राऊटरमधलं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद आहे, किंवा वाटायचे पत्ते संपलेत, किंवा सिग्नल-केबल इतकी खराब आहे की मागणीच पोचत नाही. ‘आयपीकॉन्फिग /रिलीज’ आणि मग ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ करून बघा.

दुसरी, ‘डीएचसीपी एनेबल्ड’. इथे ‘नो’ असेल तर पत्ता हाताने भरलाय. जुन्या ऑफिसात कुणीतरी १०.०.५.४० असा पत्ता घातला, लॅपटॉप आता १९२.१६८.१ च्या जाळ्यात आलाय, वाय-फायचा पासवर्ड बरोबर असल्यामुळे तो जोडलाही जातो, पण बोलणार कुणाशी? हे फार वेळा सापडतं. ‘रन’मध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’ टाकून अ‍ॅडॉप्टर उघडा, प्रॉपर्टीज, त्यात ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’, आणि दोन्ही ठिकाणी ‘ऑटोमॅटिकली’. फोटो काढायचा तो याच खिडकीचा.

तिसरी, ‘डिफॉल्ट गेटवे’. ही ओळ रिकामी असेल तर जाळ्याबाहेर जायचा रस्ताच मशीनला माहीत नाही. शेजारच्या प्रिंटरवर छापता येईल, बाहेरची साइट उघडणार नाही.

चौथी, डीएनएस सर्व्हर. त्याबद्दल खाली.

पाचवी ओळ सहसा कोणी वाचत नाही: ‘लीज ऑब्टेन्ड’ आणि ‘लीज एक्स्पायर्स’. डीएचसीपीचा पत्ता मुदतीने मिळतो. अर्धी मुदत झाली की कॉम्प्युटर त्याच राऊटरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आलं नाही तर ८७.५ टक्के मुदत गेल्यावर जो कोणी देईल त्याच्याकडे मागतो, आणि तरीही जमलं नाही तर मुदत संपताच पत्ता सोडून देतो. तुमचं नेट दर ठरावीक तासांनी जात असेल तर ही वेळ आणि ती वेळ जुळवून बघा. जुळली तर मुदतवाढीचं बोलणं कुठेतरी तुटतंय, आणि तेव्हा राऊटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा कॉम्प्युटरवरची फायरवॉल बघायची.

कुठे तुटतंय: चार पिंग

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का ते बघणं. याच क्रमाने चालवा: ‘पिंग १२७.०.०.१’, मग गेटवेचा जो पत्ता वर दिसला तो, मग ‘पिंग १.१.१.१’, आणि शेवटी कुठल्याही मोठ्या साइटचं नाव.

पहिलंच अडलं तर विंडोजचा नेटवर्कचा भागच बिघडलाय, पण हे दुर्मीळ. गेटवे अडला तर दोष कॉम्प्युटर ते राऊटर या टप्प्यात. काही राऊटर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून दुसऱ्या चालू मशीनवरून तोच पिंग करून खात्री करा. गेटवे उत्तर देतोय आणि १.१.१.१ नाही, तर राऊटरच्या पुढे. आकड्याचं उत्तर येतंय आणि नावाचं नाही, तर डीएनएस.

उत्तरातले शब्दही वाचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आणि ते तुमच्याच मशीनच्या पत्त्यावरून आलं असेल, तर समोरचं यंत्र या जाळ्यात सापडलंच नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे निरोप गेला, उत्तर परतलं नाही. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ म्हणजे नावाचा पत्ता लागला नाही.

मधूनच जाणाऱ्या नेटसाठी माझी आवडती युक्ती: दोन खिडक्या उघडायच्या, एकीत ‘पिंग’, गेटवेचा पत्ता आणि शेवटी ‘-टी’, दुसरीत ‘पिंग १.१.१.१ -टी’. दोन्ही दिवसभर चालू ठेवायच्या. नेट गेलं की आधी खिडक्या बघायच्या. दोन्ही थांबल्या तर घरातला दोष, फक्त दुसरी थांबली तर बाहेरचा. यावरचे बरेचसे वाद इथे मिटतात.

डीएनएस

त्याच कमांडच्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ आणि साइटचं नाव टाकून चालवा, मग तेच पुन्हा करून शेवटी १.१.१.१ जोडा. पहिलं फसलं आणि दुसरं चाललं, तर तुमच्या सेटिंगमधला डीएनएस सर्व्हर आजारी आहे किंवा चुकीचा भरलाय. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, गूगलचा ८.८.८.८, क्वाड९चा ९.९.९.९, यातला कुठलाही घातला तरी चालतं. पण हाताने भरलेला डीएनएस लॅपटॉपबरोबर सगळीकडे फिरतो. ऑफिसच्या आतल्या सर्व्हरची नावं ८.८.८.८ ला माहीत नसतात, आणि काही ठिकाणी सार्वजनिक वाय-फायचं लॉगिन पानही त्यामुळे येत नाही. एका जागी बसणाऱ्या डेस्कटॉपला ठीक. फिरत्या लॅपटॉपला आपोआप मिळणारा डीएनएसच ठेवा.

नुसता ब्राउझर चालतो आणि बाकी अ‍ॅप बंद, किंवा याच्या उलट, असं दिसलं आणि प्रॉक्सी स्वच्छ असेल, तर ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ बघा. ते चालू असलं की ब्राउझर विंडोजला न विचारता स्वतःच नावं शोधतो. एकच ठरावीक साइट कधीच उघडत नसेल तर ‘होस्ट्स’ फाइल बघा: सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी. नावापुढे आकडा टाकलेली, पुढे हॅशचं चिन्ह नसलेली आणि तुम्ही न टाकलेली ओळ म्हणजे संशयित. ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करायला हरकत नाही, पण तेच रोज करावं लागत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

एक पत्ता, दोन मालक

ठरावीक वेळेला एकाच मशीनचं नेट जातं आणि बाकीच्यांचं चालतं, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. प्रिंटरला कुणीतरी १९२.१६८.१.१० असा कायमचा पत्ता दिलाय. राऊटर मात्र २ पासून २५४ पर्यंतचे सगळे पत्ते वाटायला मोकळा आहे. रात्री प्रिंटर बंद. सकाळी पहिला लॅपटॉप आला, राऊटरने त्याला १० दिला, कारण त्या क्षणी त्या पत्त्यावर कोणी नव्हतं. तासाभराने प्रिंटर चालू झाला आणि आता दोघेही १० वर हक्क सांगतात. लॅपटॉपवाला म्हणतो ‘रोज अकराच्या सुमाराला वाय-फाय जातं’ आणि सगळे वाय-फाय दुरुस्त करत बसतात.

ओळखायचं कसं? नेट गेलं की लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि दुसऱ्या मशीनवरून त्या पत्त्याला पिंग करा. लॅपटॉप जाळ्यात नसतानाही उत्तर आलं तर दुसरा मालक सापडला. लगेच ‘एआरपी -ए’ केलं की त्याचा हार्डवेअर पत्ता (मॅक अ‍ॅड्रेस) दिसतो, तो प्रिंटरच्या मागच्या स्टिकरशी ताडून बघा. उपाय राऊटरमध्ये करायचा: वाटपाची हद्द १०० ते २०० अशी करा आणि कायमचे पत्ते तिच्या बाहेर ठेवा. त्याहून बरं म्हणजे प्रिंटर डीएचसीपीवर ठेवून राऊटरमध्येच त्याच्यासाठी पत्ता राखून ठेवणं. सगळी नोंद एका जागी राहते.

अ‍ॅडॉप्टरच्या आत

झोपेतून उठल्यावर नेट जात असेल तर डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अ‍ॅडॉप्टर, प्रॉपर्टीज, ‘पॉवर मॅनेजमेंट’. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी तिथे असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब नसतोच, तिथे निर्मात्याच्या साइटवरचा ताजा ड्रायव्हर हाच मार्ग. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल तर उलटं करा, ‘रोल बॅक ड्रायव्हर’.

केबलवर मंद गती असेल तर आधी जोडणीचा वेग बघा. १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसलं तर बहुधा केबल. १०० ला चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात, त्यामुळे एक तार तुटली की वेग खाली येतो आणि बाकी सगळं ठीक वाटतं. केबल ठीक असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमधलं ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ उघडा. कुणी वेग वाढेल म्हणून तिथे ‘१०० एमबीपीएस फुल’ निवडलं असेल तर तोच घोळ. एक टोक हाताने ठरवलेलं आणि दुसरं आपोआप ठरवणारं असलं, की दुसऱ्याला डुप्लेक्स (दोघांनी एकाच वेळी बोलायचं, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) कळत नाही आणि ते हाफ धरून चालतं. मग एक बोलत असताना दुसरं बोलतं, आणि पिंग ठीक पण फाइल रांगते. ‘ऑटो निगोशिएशन’ ठेवा.

काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरतात, विशेषतः पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड घालून चालणारी ब्रॉडबँड जोडणी) किंवा व्हीपीएनवर, तर एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, बघा. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटचं, त्यातले ८ पीपीपीओई घेतं, उरतात १४९२. ‘पिंग १.१.१.१ -एफ -एल १४७२’ चालवा. १४७२ मध्ये हेडरचे २८ मिळवले की १५०० होतात. ‘नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड’ असं आलं किंवा उत्तरच आलं नाही, तर १४६४ करून बघा. ते गेलं तर वाट १४९२ ची आहे, आणि तो आकडा शक्यतो राऊटरमध्ये घाला, एकेका मशीनवर नको.

आयपीव्ही६ बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. कारण शोधायला पाच मिनिटं बंद करून बघा, हवं तर. फरक पडला तर दोष राऊटरच्या किंवा सेवा देणाऱ्याच्या आयपीव्ही६मध्ये आहे. पण ते कायमचं बंद ठेवणं मला पटत नाही, आणि मायक्रोसॉफ्टही तसं करू नका म्हणते.

नेटवर्क रीसेट सगळ्यात शेवटी

‘अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’मधलं ‘नेटवर्क रीसेट’ सगळे अ‍ॅडॉप्टर काढून पुन्हा बसवतं. वाय-फायचे साठवलेले पासवर्ड, हाताने भरलेले पत्ते, व्हीपीएनच्या जोडण्या, व्हर्च्युअल स्विच, सगळं जाऊ शकतं. त्याआधी अ‍ॅडमिन म्हणून ‘नेटश विनसॉक रीसेट’ आणि ‘नेटश इंट आयपी रीसेट’ करून रीस्टार्ट करा. मात्र दुसऱ्या कमांडने हाताने भरलेला पत्ता पुसला जातो, तो लिहून ठेवलेला हवा. यानेही नाही झालं तरच रीसेट.

इथे थांबा

राऊटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. सेवा देणाऱ्याला फोन करा. वायर स्वतः उघडू नका आणि तिच्या टोकात डोळा लावून तर मुळीच बघू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

कार्यालयाचं मशीन डोमेनमध्ये (आयटी विभागाच्या ताब्यातल्या व्यवस्थेत) असेल, वाय-फायला प्रमाणपत्र लागत असेल किंवा सेटिंग राखाडी होऊन बदलू देत नसेल, तर ते तुमच्या अधिकारातलं नाही, आयटी विभागाला सांगा. वीज पडल्यानंतर एखादं पोर्ट गेलं असेल किंवा राऊटरला जळका वास असेल तर पुन्हा वीज देऊन बघू नका. आणि राऊटरमधला डीएनएस दुरुस्त केल्यावर पुन्हा आपोआप अनोळखी आकड्यावर जात असेल, तर बँकेचं काही त्या जाळ्यावरून करू नका आणि जाणकाराकडून राऊटर पुसून घ्या.

बोलावताना ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा फोटो, नेट गेल्याची वेळ, दोन पिंगपैकी कोणता आधी थांबला, आणि तुम्ही काय काय बदललं ते सगळं सांगा. शेवटची गोष्ट लोक लपवतात, आणि माझा निम्मा वेळ ती शोधण्यात जातो.